वारं फिरलं

फोन आला तेव्हा मी सोसायटीत पासबुकं लिहीत होते. एप्रिल संपत आलेला, दुपारचे साडेतीन. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता आणि त्याचं पहिलंच वाक्य होतं, घाबरू नका, मुलगा सुखरूप आहे. असं कोणी म्हटलं की पुढचं वाक्य येईपर्यंत पोटात काय होतं, ते ज्याला असा फोन आलाय त्यालाच ठाऊक. मी खुर्चीवरून कधी उठले ते मला आठवत नाही. हातातल्या पेनचं टोपण कुठं पडलं तेही संध्याकाळपर्यंत सापडलं नाही.

भाचा विमान चालवायला शिकत होता. इथून लांब, दुसऱ्या राज्यातल्या एका धावपट्टीवर. त्या दिवशी तो एकटाच होता विमानात. उतरताना आडवा वारा लागला, विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं, पुढचं चाक मोडलं. पोराला मुका मार सोडला तर काही नाही. दादाचा फोन लागेना, तो शेतात होता, म्हणून फॉर्मवरचा दुसरा नंबर लावला. तो माझा. मी त्या माणसाला दोनदा विचारलं, चालतोय काय तो? चालतोय, म्हणाला. बोलतोय काय? मग त्यानं फोन भाच्याकडंच दिला. पोरगं एवढंच म्हणालं, "आत्ती, आज्जीला सांगू नको."

आज्जी म्हणजे माझी आई. तिला सांगावं लागलंच. आमच्या घरात दादाचा चेहरा बघून कालवणात मीठ कमी पडलंय की बँकेची नोटीस आलीय, हे तिला कळतं. तिनं ऐकून घेतलं, देवापुढं दिवा लावला आणि विचारलं, "जेवलाय काय तो?"

चार दिवसांनी पोरगं घरी आलं. रेल्वे स्टेशनवरून रिक्षानं आलं, पाठीला सॅक, चेहऱ्यावर काही नाही. शर्ट काढला तेव्हा दिसलं. डाव्या खांद्यावरून छातीकडं तिरका उतरलेला पट्ट्याचा वळ, चार बोटं रुंद, कडेला काळानिळा आणि मध्ये पिवळट होत चाललेला. ज्या पट्ट्यानं त्याला धरून ठेवलं त्या पट्ट्याची ती खूण. आईनं हळद-तेल गरम केलं आणि काही न बोलता चोळायला बसली.

दुसऱ्या दिवशी धुणं भिजत घालताना तिला त्याचे मोजे सापडले. त्या दिवशीचेच, तसेच सॅकच्या तळाशी कोंबलेले. दोन्ही मोज्यांत कुसळं भरली होती. वाळल्या गवताची, अणकुचीदार, विणीत आडवीतिडवी घुसलेली. विमानातून उतरून तो त्या गवतात उभा राहिला होता ना, तिथली. आई चष्मा लावून पायरीवर बसली आणि एकेक कुसळ उपसून वाटीत टाकत राहिली. मोजे टाकून दे, नवे आणू, असं मी म्हटलं. तिनं मान वर केली नाही. अर्धी वाटी भरली. मला त्या अपघाताचं जे काही खरं वाटलं ते त्या वाटीकडं बघून वाटलं. तोवर ती फोनवरची बातमी होती.

गावात बातमी पोचलीच. आमचं गाव बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या शेजारचं, बागलकोट रस्त्यापासून आत. विमान ही आमच्याकडं अपूर्वाईची गोष्ट नाही. 1942 साली, महायुद्धात, ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सनं प्रशिक्षणासाठी सांबऱ्याला तळ बांधला, तेव्हापासून इथल्या तीन पिढ्यांनी विमानाच्या आवाजात भात लावलंय. आता हवाई दलाचं जवानांचं ट्रेनिंग स्कूल आहे, प्रवासी विमानतळ आहे, 2017 च्या सप्टेंबरात त्याची नवी इमारतही झाली. 2023 च्या मे महिन्यात शिकाऊ विमान होन्निहाळजवळच्या शेतात उतरवावं लागलं होतं, तेव्हा तर बघायला अख्खी पंचक्रोशी लोटली होती. त्यामुळं आमच्या ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला विमानातलं थोडंफार कळत होतं. "कसं काय पडलं?" हाच प्रश्न सगळ्यांचा. भाचा पहिल्यांदा म्हणाला, "पडलं नाही काका, उतरलं होतं, मग घसरलं." दुसऱ्याला तेच सांगितलं. तिसऱ्यापासून गप्प बसायला लागला.

आम्ही लहान असताना माझी आणि दादाची खेळायची जागा म्हणजे तारेच्या कुंपणापलीकडचं ते विंडसॉक दिसेल अशी बांधावरची जागा. विंडसॉक म्हणजे खांबावर लावलेली कापडी नळी, तोंडाला रुंद, शेपटीला निमुळती. आम्ही तिला हत्तीची सोंड म्हणायचो. वारा नसेल तर सोंड मलूल लोंबायची, वारा सुटला की उचलायची. भाच्यानं परवा सांगितलं तेव्हा कळलं की त्या सोंडेला मापही असतं. 15 नॉटचा वारा, म्हणजे ताशी 28 किलोमीटरच्या आसपास, लागला की ती पूर्ण ताठ होते. एवढी वर्षं मी ती सोंड बघत आले आणि ती काहीतरी सांगतेय हे मला माहीत नव्हतं.

सांबऱ्याची धावपट्टी 2300 मीटर लांब आणि जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. तिच्या एका टोकाला 08 लिहिलंय, दुसऱ्याला 26. हे आकडे म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य गाळून. 08 म्हणजे 80 अंश, उगवतीच्या अंगाला. 26 म्हणजे 260, मावळतीच्या अंगाला. आमच्याकडं पावसाळ्याचे चार महिने वारं घाटावरून येतं, मावळतीचं, आणि सुगीच्या दिवसांत उगवतीचं. म्हणजे वर्षातले बरेच दिवस वारं धावपट्टीच्या रेघेवरच असतं आणि विमानाला वाऱ्याच्या तोंडावर उतरता येतं. विमानाला उतरताना समोरचा वारा हवाच असतो, तो त्याचा जमिनीवरचा वेग कमी ठेवतो. अडचण येते ती वळवाच्या दिवसांत. एप्रिल-मेच्या दुपारी ढग चढले की वाऱ्याला दिशाच उरत नाही. पाऊस पडायच्या आधी जो थंड झोत जमिनीवर येऊन पसरतो, तो कुठूनही येतो.

भाचा शिकत होता तिथंही दिवस तेच होते.

आठवडाभर तो बोलला नाही. मग एका रात्री जेवणं झाल्यावर, वीज गेलेली असताना, स्वयंपाकघराच्या दारात बसून त्यानं मला सगळं सांगितलं. उजव्या हाताचा पंजा म्हणजे विमान, आणि फरशीच्या दोन रेघांमधली पट्टी म्हणजे धावपट्टी.

विमान होतं सेसना 152. दोन माणसांचं, माणसं-पेट्रोल सगळं धरून जास्तीत जास्त 757 किलो. आमच्या ट्रॅक्टरचं वजन त्याच्या दुपटीहून जास्त आहे. ते उतरायला येतं तेव्हा त्याचा वेग 60 नॉटच्या आसपास, ताशी 110 किलोमीटर. मोठी जेट विमानं याच्या दुपटीहून जास्त वेगानं येतात. म्हणून तोच आडवा वारा मोठ्या विमानाला थोडा ढकलतो आणि छोट्याला खूप. वारा उजवीकडून असेल आणि विमानाचं नाक धावपट्टीकडं सरळ धरलं, तर विमान डावीकडं वाहत जातं, पुरात म्हैस जाते तसं. म्हणून नाक वाऱ्याकडं वळवून ठेवायचं. विमान तिरकं दिसतं, जातं मात्र सरळ. याला वैमानिक क्रॅब म्हणतात. क्रॅब म्हणजे खेकडाच. बांधावरच्या खेकड्याचं तोंड एकीकडं आणि चाल दुसरीकडं असते, तसं.

पण चाकं तिरकी टेकवून चालत नाहीत. जमिनीला लागायच्या आधी, अगदी शेवटच्या क्षणी, पायातल्या रडरनं, म्हणजे शेपटीच्या सुकाणूनं, नाक सरळ करायचं, आणि त्याच वेळी वाऱ्याकडचा पंख जरा खाली दाबायचा, म्हणजे वाऱ्यानं विमान सरकत नाही. आधी वाऱ्याकडचं एक चाक टेकतं, मग दुसरं, मग नाकाचं. टेकल्यावरही हात सैल सोडायचा नाही, वेग कमी होईल तसा पंख वाऱ्याकडं आणखी दाबत जायचं. हे सगळं त्यानं पंजानं करून दाखवलं, तीनदा. चौथ्यांदा त्या दिवशी काय झालं ते दाखवलं. नाक सरळ केलं. पंख दाबायला अर्धा क्षण उशीर. नेमका तेव्हाच झोत आला. उजवा पंख उचलला गेला, विमान डावीकडं सरकलं, डावं चाक तिरकं आपटून उसळलं, आणि दुसऱ्यांदा खाली आलं ते नाकावर. पुढचं चाक मोडलं, नाकाचा फिरता पंखा डांबराला लागला, डावं चाक कडेच्या मऊ मातीत गेलं आणि विमान गर्रकन वळून गवतात थांबलं.

"आवाज कसा होता?" मी विचारलं. विचारायला नको होतं बहुतेक.

"आवाज आठवत नाही. थांबल्यावर सगळं शांत झालं तेवढं आठवतं. मग वारं ऐकू यायला लागलं."

इंधन बंद केलं, मुख्य स्विच बंद केला, पट्टा सोडला, बाहेर आला आणि वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला, म्हणजे आग लागली तर झळ आपल्याकडं येणार नाही. शिकवलेलं सगळं क्रमानं केलं पोरानं. साठ-एक तासांचं उड्डाण झालेलं पोर. मला त्याचा अभिमान वाटला आणि तो मी तेव्हाच बोलून दाखवला, कारण आमच्या घरात अशा गोष्टी मनात ठेवायची सवय आहे आणि ती वाईट आहे.

पण त्याला ते नको होतं. त्याला आकडे सांगायचे होते. विमानतळाच्या कंट्रोल टॉवरनं उतरायच्या आधी वारा सांगितला होता. धावपट्टीला 45 अंशांनी तिरका, 14 नॉट, झोत 22 नॉटपर्यंत. वैमानिक घड्याळाच्या तबकडीनं हिशेब करतात. 15 अंश तिरका वारा म्हणजे पाव तास, त्यातला पाव भाग आडवा धरायचा. 30 म्हणजे निम्मा, 45 म्हणजे पाऊण, 60 आणि पुढं म्हणजे सगळाच. ढोबळ हिशेब, पण आकाशात तो पुरतो. म्हणजे 14 चा पाऊण भाग साडेदहा. 22 चा पाऊण भाग साडेसोळा. त्या विमानाच्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा दिलाय 12 नॉट. ती काही कायद्याची मर्यादा नाही, कारखान्याच्या कसलेल्या वैमानिकानं चाचणीत एवढ्या वाऱ्यात उतरवून दाखवलंय, इतकाच त्याचा अर्थ. पण शिकाऊ पोरानं त्या आकड्याच्या आत राहायचं असतं.

"साडेदहा बाराच्या आत आहे, आत्ती. मी तेवढंच धरलं. साडेसोळा मला ऐकू आलं होतं. खरं मी ते धरलं नाही."

आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. बेळगावच्या मराठीची ही लकब पुण्याकडच्या लोकांना विचित्र वाटते. त्या रात्री अंधारात तो शब्द मला दोन्ही अर्थांनी ऐकू आला.

मी सोसायटीत आयुष्यभर आकडे मांडत आले. सरासरी बघायची आणि टोक सोडून द्यायचं, हे मी कर्जाच्या फाइलीत रोज होताना बघते. साधारण पीक बरं येतं म्हणून कर्ज काढायचं आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो ते वर्ष धरायचंच नाही. माणसं बुडतात ती त्या एका वर्षात. तेव्हा भाच्याचं चुकलं कुठं ते मला लगेच कळलं, विमानातलं काही न कळता.

मला कळत नव्हतं ते वेगळंच. मी विचारलं, "मग परत का नाही गेलास?"

उतरणं जमत नाहीसं वाटलं की इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, पुन्हा वर चढायचं, एक फेरी मारून परत यायचं किंवा दुसरीकडं जायचं. गो-अराउंड म्हणतात. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. चाकं टेकल्यावरसुद्धा, धावपट्टी पुरेशी उरली असेल तर, करता येतं. शिकवतातही पहिल्यापासून. तरी माणसं करत नाहीत. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेनं मोठ्या विमान कंपन्यांचा अभ्यास करून सांगितलंय की विमान नीट स्थिर नसताना, म्हणजे परत फिरायलाच हवं असताना, जेमतेम 3 टक्के वेळा वैमानिक फिरतात. बाकीचे उतरवतात, आणि बहुतेकदा उतरतंही. बहुतेकदा उतरतं म्हणूनच पुढच्या वेळी कोणी फिरत नाही.

भाचा गप्प बसला. वीज आली, पंखा फिरायला लागला. मग म्हणाला, "खाली सगळी बघत होती. माझ्या आधीचे दोघं उतरले होते. आणि सकाळी तू विचारलंयस, किती तास झाले म्हणून."

विचारलं होतं. रोज विचारायची. व्यावसायिक लायसन्सला 200 तास लागतात. एकेका तासाचे पैसे आम्ही मोजलेत. हमरस्त्याकडची एक एकर विकलीय, उरलेल्या जमिनीवर कर्ज आहे, आणि त्या कर्जाचा हप्ता माझ्याच हातानं लिहिला जातो. त्या सकाळी मी त्याला म्हटलं होतं, उन्हाळ्यात आटप बाबा, पावसाळा लागला की उड्डाणं बंद, व्याज मात्र चालूच. प्रेमानंच म्हटलं होतं. ते 757 किलोंत कुठं मोजलं गेलं नव्हतं, तरी होतं त्या विमानात.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पडल्या पडल्या अण्णा आठवत राहिले, माझे वडील. भाच्याचा आज्जा. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

आता मळणीची यंत्रं आलीत. आमच्या लहानपणी भात खळ्यावर यायचं. मळून झालं की वारं द्यायचं, म्हणजे उपणायचं. अण्णा वावडीवर चढायचे. तीन पायांची ती उंच लाकडी घडवंची, तिच्यावर उभं राहून सूप डोक्याच्या वर धरायचं आणि धार सोडायची. वारं बाजूनं हवं. आडवंच हवं. भात जड, ते सरळ खाली पडतं. पोल आणि काडीकचरा हलका, तो वाऱ्याबरोबर लांब जाऊन पडतो. खाली आई रासेवर पडलेली काडी केरसुणीनं सारत असायची, आणि आम्ही पोरं सुपं भरून वर द्यायचो. संध्याकाळचं उगवतीचं वारं एका लयीत लागलं की अण्णांचा हात थांबत नसे. धार अशी पडायची की वाटावं, वर कोणी कापड धरलंय.

एका वर्षी सुगीत ढग आले. पाऊस यायच्या आत रास घरात न्यायची म्हणून सगळ्यांची घाई चाललेली. शेजारच्या खळ्यावरचे तर कंदील लावून उपणत होते. अण्णांनी सूप वर धरलं, धार सोडली, आणि दोन क्षणांतच सूप आडवं करून थांबले. खालचा गडी कन्नड बोलणारा, तोही वर बघत म्हणाला, "गाळी तिरुगितु." वारं फिरलं. अण्णा वावडीवरून उतरले, रासेवर ताडपत्री ओढली, दगड ठेवले आणि हातपाय धुवायला गेले. आई चिडली होती. शेजाऱ्यांचं होत आलंय, आपलं तेवढं राहिलं, असं काहीतरी बोलली. अण्णा म्हणाले, "वारं फिरल्यावर उपणलं तर पोल रासेतच येऊन पडतंय. मग सगळं परत उपणा." त्यांना त्यात कमीपणा वाटलेला मला आठवत नाही. रात्री पोटभर जेवले. पाऊस आला, ताडपत्रीखाली थोडं भात भिजलं, दोन दिवस उन्हात घालावं लागलं. तेवढंच.

आपल्या भाषेत माघार हा शब्दच असा पडलाय की तो घेणाऱ्याची मान खाली जाते. माघार घेतली, पाय मागं घेतला, पाठ दाखवली. सीमाभागातल्या आम्हा लोकांना तर हे बाळकडूच. 1956 पासून मागं न हटण्याच्या गोष्टी ऐकतच आमच्या पिढ्या वाढल्या, आणि त्या गोष्टींबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण तोच ताठा आम्ही पोरांच्या परीक्षांत, शेताच्या बोरवेलमध्ये, लग्नाच्या खर्चात, सगळीकडं नेला. खळ्यावरून उतरून ताडपत्री ओढणाऱ्या माणसाची गोष्ट मात्र मी भाच्याला कधी सांगितली नव्हती. सांगण्यासारखं तिच्यात काही आहे असं वाटलंच नव्हतं.

सकाळी सांगितली. तो चहा पीत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. 1 मार्च 2008, जर्मनीतलं हॅम्बुर्ग, वादळातलं उतरणं. एअरबस ए 320, आत 130 हून जास्त माणसं. विमान खेकड्यासारखं तिरकं येतंय, नाक सरळ होतंय, तेवढ्यात वाऱ्याचा झोत एक पंख उचलतो आणि दुसऱ्या पंखाचं टोक धावपट्टीला घासतं. मी डोळे मिटून घेतले. "बघ की पुढं," तो म्हणाला. पुढं ते विमान वर चढतं. परत जातं. फेरी मारून दुसऱ्या धावपट्टीवर उतरतं, एकालाही इजा नाही. त्या वेळी विमान चालवत होती ती 24 वर्षांची सहवैमानिक, आणि बोटं तिच्याकडंही वळली होती. दोन वर्षांनी तपास यंत्रणेचा अहवाल आला. त्यात निघालं की एक चाक टेकल्याबरोबर त्या विमानाची यंत्रणाच पंखांच्या हालचालीला आवर घालते, आणि हे वैमानिकांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. आडव्या वाऱ्याच्या आकड्याचा अर्थही नीट स्पष्ट नव्हता. बारा नॉटसारखाच घोळ.

भाच्यानं हा व्हिडिओ कितीतरी वेळा बघितला होता. मला वाटलं, त्या मुलीला दोष दिला गेला म्हणून बघत असेल. तसं नव्हतं. "पंख घासल्यावर ते विमान परत गेलं, आत्ती. मी चाक आपटून उसळलो तेव्हासुद्धा माझा हात थ्रॉटलवर, इंजिनाचा जोर वाढवायच्या मुठीवर, होता. तेव्हाही जाता आलं असतं. तसा विचारसुद्धा मनात आला नाही."

त्यावर मी काही बोलले नाही. समजूत घालण्याजोगं ते नव्हतंच. त्यानं स्वतःची चूक स्वतः शोधून माझ्यापुढं ठेवली होती, नीट, पाखडून.

त्या दिवसापासून मी तास विचारणं सोडलं. हप्ता लिहिते, तो लिहावाच लागतो. दादालाही सांगितलं, त्याला पटायला दोन दिवस लागले.

पुढच्या आठवड्यात त्याला परत जायचं होतं. आधी शिक्षकाबरोबर बसून काही उड्डाणं, मग तो म्हणेल तेव्हा एकट्यानं. जायच्या आदल्या संध्याकाळी वळीव आला. दिवसभर उकडत होतं, पाचला मावळतीकडून ढग काळेभोर झाले, आणि एकदम धूळ उठली. मी आणि भाचा गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्या-पापडांवरून साड्या ओढून घेत होतो. आंब्याच्या झाडाच्या फांद्या एकदा इकडं, एकदा तिकडं. तेवढ्यात आवाज आला. संध्याकाळचं एटीआर, दोन पंख्यांचं प्रवासी विमान, उतरायला येत होतं. चाकं बाहेर, दिवे लावलेले, नाक चांगलंच तिरकं.

भाचा पापडाचं ताट तसंच हातात धरून उभा राहिला. मी त्याच्याकडं बघत होते, विमानाकडं नाही. त्याचा डावा पाय चपलेत हळूच पुढं दाबला गेला, उजव्या हाताची बोटं ताटाच्या काठावर वळली. विमान खाली खाली गेलं, नारळाच्या शेंड्यांआड. मग इंजिनाचा आवाज एकदम चढला. झाडांवरून ते पुन्हा दिसलं, नाक वर, चाकं आत घेत, पावसाच्या कडेकडेनं उत्तरेला वळत.

खाली ओसरीवरून आईनं हाक दिली. तिला आता आवाजावरून बरंच कळतं. "उतरलं काय रे ते?"

"नाही आज्जी. परत गेलं."

"शहाणा आहे बघ कोण तो," ती म्हणाली. "पापड भिजतील, या खाली."